प्रश्नभाषेतील ग्राह्याग्राह्यविचार : महाड-पोलादपूरच्या भूमि-अभिलेखांच्या संदर्भात

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांचे जमीनदप्तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने बांधलेले आहे. हक्कातील बदल प्रथम फेरफाराच्या नोंदवहीत लिहावयाचा, हितसंबंधितांना सूचना द्यावयाची, हरकत आल्यास तिचा निर्णय करावयाचा व प्रमाणित झाल्यावरच तो बदल सातबाऱ्यावर कायम करावयाचा, अशी ही रीत आहे. नोंद विहित नमुन्यात असणे निराळे व ती ग्राह्य असणे निराळे, हा भेद या रीतीच्या मुळाशी आहे. संगणकीय प्रश्नभाषेच्या इतिहासातही हाच भेद निर्णायक ठरला.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित माहितीकोशाची कल्पना मांडली. चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ मध्ये तिला अनुरूप भाषा सिद्ध केली. पुढे एस्क्यूएल या नावाने रूढ झालेल्या या भाषेचे अमेरिकी प्रमाणक १९८६ मध्ये निघाले. तिच्यातील प्रश्नाची परीक्षा सामान्यतः दोन टप्प्यांत होते. पहिल्यात व्याकरण पाहिले जाते. दुसऱ्यात नामनिर्देशिलेले तक्ते व स्तंभ खरोखर आहेत काय आणि रचनेतून निश्चित अर्थ निघतो काय, हे तपासले जाते. पोस्टग्रेस या प्रणालीत व्याकरण काही ठिकाणी हेतुतः सैल ठेवले आहे. व्याकरणाने नाकारलेल्या प्रश्नास केवळ ‘रचना चुकली’ एवढेच उत्तर मिळते. दुसऱ्या टप्प्यावर मात्र नकाराचे कारणही सांगता येते.

हा दुसरा टप्पा शिथिल राहिल्यास काय घडते? समजा, दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक गावाचे एकूण क्षेत्र व त्यासोबत खातेदाराचे नाव मागितले. क्षेत्राची बेरीज एक, खातेदार मात्र अनेक. व्याकरणदृष्ट्या निर्दोष असा हा प्रश्न अर्थदृष्ट्या अनिश्चित आहे. मायएस्क्यूएलच्या जुन्या आवृत्त्या, मूळ मांडणीत, तो स्वीकारीत व अनेकांतील कोणतेही एक नाव पुढे ठेवीत. दोषाची सूचना मिळत नसे. परिणामी सर्व गाव एकाच खातेदाराचे असल्याचा आभास उत्पन्न होई. २०१५ च्या ५.७ या आवृत्तीपासून असा प्रश्न नाकारणे हाच मूळ नियम झाला.

तथापि निर्बंध सरसकट असणेही इष्ट नव्हे. गावाच्या संकेतांकानुसार गट पाडून गावाचे नाव मागितले, तर संकेतांकास नाव एकच असल्याने संदिग्धता उरत नाही. १९९२ चे प्रमाणक हाही प्रश्न अग्राह्य मानी. १९९९ च्या प्रमाणकाने अशा अवलंबित्वास मान्यता दिली. पोस्टग्रेसने २०११ मध्ये प्राथमिक कळीपुरता तिचा स्वीकार केला.

यावरून असे दिसते की, निर्बंधाची कसोटी उत्तराची निश्चितता ही होय. नाकारलेला प्रश्न सुधारून पुन्हा विचारता येतो. परंतु चुकीचे उत्तर निमूटपणे दप्तरात शिरले, तर त्याचा भार अखेरीस जमीन कसणाऱ्यावर पडतो.