म्यूलर आणि मिलर : आडनावाच्या साक्षीची मर्यादा

‘म्यूलर’ हे जर्मन आडनाव धान्य दळण्याच्या व्यवसायावरून आले. पाणचक्क्या गावोगावी असल्याने ते अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे रूढ झाले. जर्मनीत त्याचाच प्रसार सर्वाधिक आहे. १६८३ मध्ये पेनसिल्व्हेनियात जर्मनटाउन वसले. पुढे अठराव्या शतकात ऱ्हाइनकाठच्या पॅलाटिनेट प्रदेशातून हजारो लोक त्या वसाहतीत आले. त्यांच्या बोलीत ‘म्यूलर’चा उच्चार ‘मिलर’च्या जवळ जाणारा होता. त्याच अर्थाचे इंग्रजी ‘मिलर’ तेथे प्रचलित होतेच. साहजिकच दोन्ही प्रवाह एकाच नावात मिसळले. २०१० च्या अमेरिकन जनगणनेत ११ लाखांहून अधिक मिलर आढळले.

या मिश्रणाचे परिणाम केवळ भाषिक नव्हते. १७९० च्या जनगणनेतील कुटुंबप्रमुखांच्या नावांवरून जनगणना कार्यालयाने १९०९ मध्ये गौरवर्णीयांतील जर्मनांचे प्रमाण ५.६ टक्के ठरविले. इंग्रजी वळणाची जर्मन नावे त्यात इंग्रजांच्या खाती जमा झाली होती. १९२४ च्या कायद्याने परदेशी आगंतुकांचे वार्षिक वाटे राष्ट्रीय मूळावरून ठरावयाचे असल्याने या आकड्याला राजकीय वजन आले. विद्वत्समितीने फेरतपासणी करून हे प्रमाण साडेआठ टक्क्यांहून अधिक ठरविले. तथापि १९२९ मध्ये नवी पद्धत अमलात येताच जर्मनीचा वाटा ५१,२२७ वरून २५,९५७ वर उतरला.

तात्पर्य, आडनाव हा वंशाचा पुरावा खरा. परंतु वस्ती, चर्चमधील नोंदी आणि व्यक्तिनामे यांची जोड नसेल, तर तो इतिहासकाराची दिशाभूल करतो.