तापसंवेदी हायड्रोजेल

ठरावीक तापमानाला द्रवाचे जेल होणारी किंवा आकुंचन-प्रसरण पावणारी, पाणी धरून ठेवणारी बहुवारिकांची त्रिमितीय जाळी. थंड असताना सुईतून सहज जाणारे द्रावण शरीराच्या ३७° से. तापमानाला घट्ट होते आणि त्यात मिसळलेले औषध त्या जागी हळूहळू सुटते. त्यामुळे शस्त्रक्रियेशिवाय औषधाचा साठा शरीरात ठेवता येतो.

कार्यतत्त्व : थंड पाण्यात बहुवारिकाच्या साखळ्या हायड्रोजन बंधांमुळे विरघळलेल्या राहतात. तापमान वाढले की जलविरोधी गटांभोवती शिस्तीने रचलेले पाण्याचे रेणू मोकळे होतात, एंट्रॉपी वाढते व हे गट एकमेकांना चिकटतात. ज्या तापमानाखाली द्रावण कोणत्याही प्रमाणात एकजीव राहते, त्याला निम्न क्रांतिक द्रावण तापमान म्हणतात. पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलअमाइडच्या बाबतीत ते सुमारे ३२° से. असते. जिलेटिनचे वर्तन उलट असते. ते थंडीत गोठते व उष्णतेने वितळते.

प्रमुख प्रकार : पोलोक्सॅमर ४०७ मध्ये पॉलिएथिलीन ऑक्साइड व पॉलिप्रोपिलीन ऑक्साइड यांचे खंड असतात. तापवल्यावर त्याच्या रेणूंचे सूक्ष्म गोलक (मिसेल) बनतात व ते दाटीने रचले जाऊन जेल होते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून मिळणारे कायटोसान बीटा-ग्लिसरोफॉस्फेटबरोबर मिसळले असता शरीराच्या तापमानाला घट्ट होते. पीएलजीए-पीईजी-पीएलजीए या त्रिखंडी बहुवारिकाचे पाण्याने हळूहळू विघटन होते.

उपयोग : मूत्रपिंडाच्या पोकळीतील व मूत्रवाहिनीतील कमी तीव्रतेच्या कर्करोगावरील ‘जेल्मायटो’ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये मान्यता दिली. एरवी मूत्राबरोबर लगेच वाहून जाणारे मायटोमायसिन यात जेलमध्ये अडकते व ४ ते ६ तास पेशींच्या संपर्कात राहते. कानात सोडायच्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या ‘ओटिप्रिओ’ या औषधातही (मान्यता २०१५) पोलोक्सॅमर ४०७ आहे.

मर्यादा : जेल होण्यापूर्वीच काही औषध एकदम बाहेर पडू शकते. पोलोक्सॅमरचे जेल शरीरद्रवांत लवकर विरते, तर पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलअमाइडचे शरीरात विघटन होत नाही आणि त्यात उरलेला एकवारिक विषारी असतो. म्हणून काही तासांच्या स्थानिक उपचारासाठी पोलोक्सॅमर, तर काही आठवड्यांच्या वितरणासाठी विघटनशील त्रिखंडी बहुवारिके अधिक योग्य ठरतात.