एकोणनव्वद मार्कांचा माणूस

मुलगा इथल्या शाळेत तिसरीत होता, तेव्हा त्याला गणितात १ मिळाला. मी हौसेने कोल्हापूरला फोन केला, तर पलीकडे आई गप्पच झाली. मग हळू आवाजात म्हणाली, “आरं, एकच मार्क? पोराला शिकवणी तरी लाव की.” जर्मनीत १ म्हणजे सर्वांत हुशार आणि ६ म्हणजे सपशेल नापास, हे तिला पटवण्यात दहा मिनिटं गेली.

मला मात्र हे उलटं गणित शाळेच्या आधी फुटबॉलने शिकवलं होतं. वाल्टर बेन्झेमान यांनी १९२० साली सुरू केलेलं ‘किकर’ हे जर्मन फुटबॉलचं जुनं नियतकालिक. सामना संपला की प्रत्येक खेळाडूला ते १ ते ६ मध्ये गुण देतं, थेट शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे. शिवाय १९५६पासून वर्षातून दोनदा त्यांची क्रमवारी निघते. त्यात कुणाला ‘जागतिक दर्जा’ द्यायचा यावर इथे भांडणं होतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर आम्हीही खेळाडूंना मार्क द्यायचो, पण तोंडाने. ते कागदावर कुणी उतरवले नाहीत हे बरंच झालं.

एसेनला राहायला आल्यावर कळलं की फुटबॉलपटू मेसुट ओझिलचं गाव अगदी शेजारी आहे. गेल्झनकिर्शन. हा सगळा कोळशाचा मुलूख. इथल्या शाल्के क्लबला आजही ‘खाणकामगार’ याच टोपणनावाने हाक मारतात. युद्धानंतर खाणींना आणि कारखान्यांना माणसं कमी पडू लागली, म्हणून १९६१मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून मजूर आणले. त्या लाटेत ओझिलचे आजोबा झोंगुलदाकहून इथे आले. झोंगुलदाक म्हणजे तुर्कस्तानातला कोळशाचाच जिल्हा. १५ ऑक्टोबर १९८८ला नातू जन्मला, तेव्हा खाणी एकेक करून बंद पडत होत्या.

बिस्मार्क नावाच्या त्याच्या वस्तीत जाळीने बंद केलेलं एक छोटं मैदान होतं. पोरं त्याला ‘आफेनकेफिग’ म्हणत, म्हणजे माकडांचा पिंजरा. खाली कडक जमीन, चारी बाजूंना जाळी आणि आजूबाजूला वयाने मोठी पोरं. अशा जागेत अंगाने किरकोळ पोराला चेंडू पायाशी ठेवून चालत नाही. चेंडू यायच्या आधीच तो कुठे धाडायचा हे ठरवावं लागतं. ओझिलचा पुढचा सगळा धंदा याच सवयीवर उभा राहिला.

कारकीर्द थोडक्यात सांगतो. आधी शाल्के, मग जानेवारी २००८मध्ये ब्रेमेन. २००९च्या जर्मन कपच्या अंतिम सामन्यात एकच गोल झाला आणि तो त्याचा होता. २०१०च्या विश्वचषकात घानाविरुद्ध त्याने मारलेल्या एकुलत्या एका गोलने जर्मनी जिंकली आणि त्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने त्याला उचललं. २०१३मध्ये आर्सेनलने त्याच्यासाठी सुमारे सव्वाचार कोटी पौंड मोजले. तोवर त्या क्लबने कुणासाठीच एवढे पैसे टाकले नव्हते. २०१४ला विश्वविजेतेपदही आलं.

याच काळात आमच्या दिवाणखान्यात प्लेस्टेशन आलं आणि मार्कांची दुसरी पद्धत घरात शिरली. ईए कंपनीचा ‘फिफा’ हा खेळ १९९३मध्ये सुरू झाला. पहिल्या आवृत्तीत खेळाडूंची नावं चक्क खोटी होती. पुढे खरी नावं आली आणि आकड्यांना महत्त्व चढलं. खेळाडूंच्या माहितीच्या खात्याचा प्रमुख अनेक वर्षं एक जर्मनच होता, मिशाएल म्युलर-म्योरिंग. त्याच्या हाताखाली संपादक आणि जगभर पसरलेले हजारो निरीक्षक. ते आपापल्या गावच्या संघाचे सामने पाहून कळवणार : याचा वेग किती, उडी किती, दृष्टी किती. तिसाहून जास्त गुणांचे असे आकडे जमवायचे आणि शेवटी शंभराच्या आत एकच आकडा काढायचा. इथे मात्र मोठा आकडा चांगला, म्हणजे माझ्या आईला कळेल असा.

‘फिफा १६’मध्ये ओझिलला ८८ होते, ‘फिफा १७’मध्ये ८९. वाढलेला तो एक मार्क कुठून आला ते सांगता येतं. २०१५-१६च्या इंग्लिश लीगच्या मोसमात त्याच्या पासवर १९ गोल झाले होते. थिएरी ऑन्रीच्या २० या विक्रमाला फक्त एक कमी. पण माझ्या लेखी त्या मोसमाचा खरा आकडा वेगळा आहे : १४६. गोल व्हावा अशा तेवढ्या संधी त्याने इतरांना काढून दिल्या. पुढच्याने चेंडू बाहेर मारला की पास देणाऱ्याच्या खात्यात शून्य जमा. वाढप्याने पान नीट वाढावं, जेवणाऱ्याने हात धुवून उठावं आणि नाव वाढप्याचं खराब व्हावं, तसं.

मुलगा त्याला संघात घ्यायला तयार नसे. कार्डावर वेग बेताचा, ताकद त्याहून कमी आणि बचावाचा आकडा तर असा की दहावीला पस्तीस लागतात म्हटलं तर हा गडी नापास. मी त्याला एक गोल दाखवला. १ नोव्हेंबर २०१६, सोफिया, समोर लुडोगोरेट्सचा संघ. २-२ झालेत आणि खेळ संपत आलाय. सहकारी एल्नेनीने लांबून उचलून दिलेला चेंडू ओझिलला एकट्याला मिळतो. गोलरक्षक पुढे धावत आलेला आहे. ओझिल चेंडू त्याच्या डोक्यावरून अलगद टाकतो. आता मोकळं जाळं दिसतंय, कुणीही मारलं असतं. हा थांबतो. मारल्यासारखं करतो, एक बचावपटू घसरून खाली. पुन्हा मारल्यासारखं करतो, दुसराही खाली. मग चेंडू हळूच आत ढकलतो. मुलाने तीनदा पाहिलं आणि विचारलं, “बाबा, हा थांबला त्याचे मार्क कुठल्या खान्यात?” मला खाना सापडला नाही.

पुढे मार्क देणारे बदलले. मे २०१८मध्ये तुर्की अध्यक्ष एर्दोआन यांच्यासोबतचा त्याचा फोटो छापून आला आणि जर्मनीत गदारोळ उठला. दीड महिन्याने विश्वचषकात दक्षिण कोरियाकडून हरून जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर पडली. त्या सामन्यात सात संधी ओझिलने तयार केल्या होत्या, गोल एकही झाला नाही. खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. २२ जुलैला त्याने राष्ट्रीय संघ सोडला. जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की परदेशातून आलेला, अशा अर्थाची त्याची तक्रार इथे घरोघरी वाचली गेली. आमच्याही घरी. फोटोची बाजू मी घेणार नाही. पण त्याच्या पासाचं मोजमाप त्याच्या आजोबांच्या गावावरून करणं हे जाळीत खेळणाऱ्या पोरांनीही केलं नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात शेजारच्या बोट्रोपमधली, जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली.

डिसेंबर २०१९मध्ये त्याने चीनमधल्या उईघुर मुसलमानांच्या छळाविरुद्ध लिहिलं. चिनी सरकारी वाहिनीने आर्सेनलचा सामना दाखवला नाही आणि नेटईज कंपनीने ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’ या खेळाच्या तिथल्या मोबाईल आवृत्तीतून त्याला काढून टाकलं. मार्क कमी केले असते तर वाद घालता आला असता. इथे हजेरीपटावरून नावच खोडलं.

मार्च २०२०नंतर तो आर्सेनलसाठी पुन्हा मैदानात उतरला नाही. मग तुर्कस्तानात फेनरबाचे, मग बाशाकशेहिर आणि २२ मार्च २०२३ला, ३४व्या वर्षी, निवृत्ती. जर्मनीसाठी ९२ सामने, २३ गोल.

आमच्याकडची ‘फिफा १७’ची डिस्क अजून चालते. तिच्यात तो आर्सेनलचा ११ नंबरचाच खेळाडू आहे, ८९ मार्कांचा, बचावात नापास. मुलगा आता त्याला संघात घेतो.