मालवणचा किनारा : आरमारी स्पर्धा आणि तहांचे राजकारण (१६६४–१८१२)

मराठ्यांच्या आरमाराचा ऱ्हास कशामुळे झाला, या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पाश्चात्यांची जहाजे व तोफा श्रेष्ठ होत्या, हे एक. आणि १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या साह्याने आंग्र्यांचे आरमार बुडविले, हे दुसरे. दोहोंत तथ्यांश आहे. तथापि पाश्चात्यांचे तांत्रिक श्रेष्ठत्व १७२१ मध्येही होतेच, आणि त्या वेळी त्यांचा पराभव झाला. आणि पेशव्यांना दोष दिल्याने १७६५ मध्ये सिंधुदुर्ग का पडला याचा उलगडा होत नाही. या दोन्ही घटनांमागे तहांच्या राजकारणाचे एक समान सूत्र आहे. त्याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सिंधुदुर्गाची उभारणी होण्यापूर्वीच हा किनारा युरोपीय सत्तांच्या चढाओढीत ओढला गेला होता. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या जहाजांना रसद मिळावी म्हणून डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ले येथे वखार घातली. पोर्तुगीज आपले परवाने घेतल्यावाचून कोणास व्यापारी जहाजे हाकारू देत नसत. अशा परिस्थितीत शिवाजीमहाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि लगेच पुढील वर्षाच्या आरंभी समुद्रमार्गे बसरूरवर स्वारी केली. मात्र महाराजांचे सागरी धोरण केवळ दुर्गांवर व गलबतांवर विसंबून नव्हते. १६६७ मध्ये बारदेशावर स्वारी केल्यानंतर त्यांनी पोर्तुगीजांशी तह केला; १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी आलेल्या इंग्रज वकिलाशी करार केला; आणि १६७९ मध्ये खांदेरीवर इंग्रज व सिद्दी एकत्र झाले, तेव्हा बेट न सोडता पुढील वर्षी इंग्रजांशी समेट केला. एका शत्रूस दुसऱ्यापासून अलग करणे, हे या व्यवहारांचे मर्म होय.

हेच धोरण १७२१-२२ मध्ये यशस्वी झालेले दिसते. कान्होजी आंग्रे १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने छत्रपती शाहूंच्या पक्षास येऊन मिळाले होते. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर हल्ला केला, तेव्हा आंग्र्यांच्या पाठीशी बाजीराव पेशव्याचे घोडदळ उभे राहिले. हल्ला फसला, आणि लगेच जानेवारी १७२२ मध्ये बाजीरावाने पोर्तुगीजांशी स्वतंत्र तह करून शत्रूंची युती मोडली. इंग्रज एकटे पडले. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर केलेला हल्लाही निष्फळ ठरला. जमिनीवरील सत्ता व समुद्रावरील सत्ता एकविचाराने वागत होत्या, तोवर गुराबा व गलबतांचे आरमार किनाऱ्याच्या संरक्षणास पुरेसे होते, असे अनुमान यावरून निघते.

१७५५ मध्ये हे चित्र उलटले. तुळाजी आंग्रे व पेशवे यांचे वैमनस्य विकोपास गेले होते. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्यातील पहिली महत्त्वाची अट अशी की, समुद्रावरील मोहिमेचे आधिपत्य इंग्रजांकडे राहावे. दुसऱ्या अटीने बाणकोट व पाच गावे इंग्रजांस मिळावयाची होती. पुढे घडलेले सर्व पहिल्या अटीतच बीजरूपाने होते. पेशव्यांनी येथे केवळ शत्रूचे आरमार गमावले नाही. समुद्रावर हुकूम चालविण्याचा अधिकारच दुसऱ्याच्या हाती दिला.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग पडला. परंतु विजयदुर्गावर जे बळ चालून आले, ते मुळात आंग्र्यांसाठी जमविलेलेच नव्हते. ॲडमिरल वॉटसनचा राजकीय नौकाकाफिला व क्लाइव्हची पलटण यांचा रोख दक्षिणेतील फ्रेंचांवर होता. १७५४ च्या अखेरीस मद्रास व पाँडेचेरी येथील इंग्रज व फ्रेंच अधिकाऱ्यांत तात्पुरता तह झाल्याने हे सैन्य मुंबईत मोकळे राहिले आणि विजयदुर्गावर वळविण्यात आले. फेब्रुवारी १७५६ मध्ये बंदरातील आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. किल्ला इंग्रजांनी घेतला आणि सुमारे १० लाख रुपयांची लूटही स्वतःकडेच ठेवली. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने बाणकोटाच्या बदल्यात किल्ला पेशव्यांस मिळाला. शिवाय मराठी मुलखात डचांना व्यापारास मज्जाव करण्याचे कलम इंग्रजांनी त्यात घालून घेतले. आंग्र्यांचा पाडाव करताना इंग्रजांची दृष्टी आपल्या युरोपीय प्रतिस्पर्ध्यांवर खिळलेली होती, हे या एका कलमावरून स्पष्ट होते. पेशव्यांची दृष्टी मात्र घरच्या भांडणापलीकडे गेली नाही.

यानंतर पाळी मालवणची आली. सिंधुदुर्ग करवीर राज्याकडे होता व राज्यकारभार जिजाबाई पाहत होत्या. १७६५ मध्ये मेजर गॉर्डन व कॅप्टन वॉटसन (१७५६ चा ॲडमिरल नव्हे) यांनी करवीरकरांचा सिंधुदुर्ग व सावंतांचे रेडी ही दोन्ही स्थाने घेतली. सिंधुदुर्गास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव देऊन तो कायम ठेवण्याचा इंग्रजांचा विचार होता. परंतु किल्ला उत्पन्नाच्या दृष्टीने तोट्याचा, आणि पाडून टाकणे तर फारच कठीण. तेव्हा १७६६ मध्ये पावणेचार लाखांहून काही अधिक रुपये, व्यापारास उपद्रव न देण्याची हमी आणि मालवणास वखारीची परवानगी, एवढ्यावर त्यांनी तो करवीरकरांस परत दिला. सावंतांशी वेगळा तह झाला आणि वेंगुर्ले १३ वर्षांसाठी गहाण पडले. शेजारी असूनही परस्परांचे वैरी असलेल्या या दोन संस्थानांना संयुक्त वाटाघाटी करणे सुचले नाही. शिवाजीमहाराजांनी व बाजीरावाने वापरलेले शस्त्र आता इंग्रजांच्या हाती होते.

१८१२ च्या तहान्वये करवीरकरांनी सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट यांसह मालवण बंदर इंग्रजांस दिले. वेंगुर्लेही त्याच वर्षी त्यांच्याकडे गेले. १७६५ मध्ये सिंधुदुर्गासाठी निदान मोहीम काढावी लागली होती. या वेळी त्याचे भवितव्य कलमांनीच ठरविले.

तात्पर्य, आरमाराच्या ऱ्हासाचा अभ्यास जहाजांच्या संख्येपाशी किंवा एखाद्या व्यक्तीच्या दोषापाशी थांबवून चालणार नाही. कोणता तह कोणी कोणास वगळून केला, आणि समुद्रावरील हुकमत त्यातील कोणत्या कलमाने कोणाकडे गेली, हे प्रत्येक वेळी पाहिले पाहिजे. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांची जहाजे जळण्यापूर्वी सुमारे ११ महिने त्यांचा निकाल मुंबईत कागदावर लागला होता.