कागदावरची तोफ

जबलपूरला बदली होऊन आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. पहाटे फिरायला निघालो होतो, तर खमरियाच्या बाजूने एक दणका आला. आवाज कानाआधी छातीत जाणवला. सोबतचे सुभेदारसाहेब चाल न मोडता म्हणाले, "प्रूफ फायरिंग, सर. इथे सवय करून घ्यावी लागते." सवय झाली, पण त्या दणक्यामागची गोष्ट शोधण्याचा नाद लागला. मी तोफखान्याचा नाही, तेव्हा जाणकार तोफचींनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

मुंबईहून आलेली आणि कलकत्त्याकडून आलेली अशा दोन रेल्वेमार्गांची गाठ १८७० साली जबलपुरात पडली. किनाऱ्यापासून दूर, देशाच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंनी रेल्वे, अशी ही जागा. १९०४ मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. नाव नीट वाचा. गन कॅरेज म्हणजे तोफगाडा. नळीचा धक्का सोसणारा, तोफेला उचलणारा, वळवणारा आणि वाहून नेणारा सांगाडा. पुढे १९४२ मध्ये खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, १९६९ मध्ये वाहनांचा आला, आणि या गावात घरटी कोणीतरी फॅक्टरीत असा काळ सुरू झाला.

आता बोफोर्सकडे येतो. २४ मार्च १९८६ रोजी स्वीडनच्या या कंपनीशी १५५ मिलिमीटरच्या ४१० तोफांचा करार झाला. रक्कम सुमारे १४३७ कोटी रुपये. आपल्याला आठवतो तो पुढचा भाग. १६ एप्रिल १९८७ ला स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली आणि देशाचे राजकारण ढवळून निघाले. पण याच कराराची दुसरी बाजू फारशी कोणी बोलत नाही. ही तोफ भारतात बनवण्याचे तंत्रज्ञानही त्यात होते. आराखडे, मापे, धातूंचे तपशील अशी हजारो पाने आपल्याकडे आली आणि कपाटात गेली. बोफोर्स हा शब्दच असा झाला होता की त्या फायलीला हात लावणार कोण?

१९९९ च्या उन्हाळ्यात मी खडकवासल्याचा कॅडेट होतो. टर्म संपवून घरी आलो आणि टीव्हीवर द्रास दिसू लागले. बोफोर्स तोफा तोलोलिंग आणि टायगर हिलच्या माथ्यांवर थेट नेम धरून मारा करत होत्या. आबा स्वतः निवृत्त हवालदार. त्यांनी विचारले, "ही तोफ आपण बनवतो का रे?" मी रुबाबात म्हणालो, "नाही, स्वीडनची आहे." आबा म्हणाले, "मग भाग मोडला तर स्वीडनला पत्र लिहायचं?"

प्रश्न साधा होता आणि उत्तर लाजिरवाणे. कंपनीशी व्यवहार बंद, सुटे भाग दुर्मिळ. एका तोफेचे भाग काढून दुसरी चालू ठेवावी लागत होती. जे हाताशी आहे तेवढ्यावर लढू, असे लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांना जाहीरपणे सांगावे लागले, ते उगाच नव्हे.

तरीही फाईल उघडायला २०११ उजाडले. काम गन कॅरेज फॅक्टरीकडे आले, आणि मागणी जुन्याच तोफेची नव्हती. बोफोर्स ३९ कॅलिबरची, म्हणजे नळीची लांबी १५५ मिलिमीटरच्या ३९ पट, साधारण सहा मीटर. सैन्याला हवी होती ४५ कॅलिबर, म्हणजे जवळजवळ सात मीटर. वाढ फक्त ९३ सेंटिमीटर. पण नळी लांबली की स्फोटाचा वायू गोळ्याला जास्त वेळ ढकलतो, वेग वाढतो आणि पल्ला वाढतो. त्याबरोबर वजन वाढते, तोल बदलतो, मागे बसणारा धक्का बदलतो. म्हणजे पुन्हा गाडा! शंभर वर्षे गाडेच बनवणाऱ्या कारखान्याची खरी परीक्षा इथे होती.

ती सोपी गेली नाही. २०१३ मध्ये चाचणीत नळी फुटली. २०१७ मध्ये गोळा नळीच्या तोंडावरच्या मझल ब्रेकला घासून गेला. त्याच वर्षी, जर्मन म्हणून पुरवलेले बेअरिंग चिनी असल्याच्या संशयावरून सीबीआयने गुन्हा नोंदवला. अखेर ८ एप्रिल २०१९ रोजी पहिल्या सहा 'धनुष' तोफा जबलपुरात सैन्याच्या हवाली झाल्या. पल्ला ३८ किलोमीटर. करारापासून ३३ वर्षे!

मला यातून एकच गोष्ट दिसते. आराखडा विकत मिळतो, हात मिळत नाही. धातू किती तापवायचा, कुठे थांबायचे, कोणता आवाज चुकीचा, हे कारागिराच्या बोटांत असते आणि ते काम करता करताच येते. पंचवीस वर्षे काम न दिल्यामुळे आपण केवळ तोफ गमावली नाही, कारागिरांची एक अख्खी पिढी शिकायची राहिली. युरोपचेही तेच झाले. २०२३ मध्ये युरोपीय संघाने वर्षभरात युक्रेनला दहा लाख गोळे देण्याचे ठरवले. पैसा होता, कारखाने रोडावले होते. मुदतीत आकडा गाठता आला नाही.

आपल्या इतिहासातही हा धडा आहे. १८०३ च्या असईच्या लढाईत शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांना जबर मार दिला. त्या फौजेची कवायत आणि तोफांची ओतशाळा युरोपियनांनी उभी केली होती. युद्ध पेटताच त्यांतले अनेक अधिकारी नोकरी सोडून गेले. आपले गोलंदाज मात्र तोफांपाशीच मेले. शौर्य आपले होते, विद्या उसनी होती.

२०१९ च्या त्या संध्याकाळी मी आबांना फोन केला. "आबा, झाली तोफ. ८१ टक्के आपली."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "छान झालं. आणि उरलेली एकोणीस?"

जय हिंद.