टेलिफोनची बॅटरी कोणाच्या घरी?

श्रोतेहो, आज टेलिफोनच्या इतिहासातले एक लहानसे प्रकरण आपणांपुढे मांडावयाचे आहे. फोनला लागणारी वीज येते कोठून, एवढाच प्रश्न. प्रश्न साधा खरा. पण इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवर त्याने आम्हांला एक रात्र फार जड केली.

वस्ती माझ्या बहिणीची. उसाच्या रानातले घर. मोबाइलला रेंज नाही. म्हणून भाच्याने फायबरची जोडणी घेतली, इंटरनेटवरून चालणारा फोन बसवला आणि त्याला कॉर्डलेस जोडला. वैशाखात वारे सुटले, वीज गेली, आणि नेमके त्याच रात्री दाजींच्या छातीत दुखू लागले. हँडसेट हातात, त्याचा दिवाही चालू. पण आवाज म्हणून येईना. भाचा मोटारसायकलवरून रस्त्यापर्यंत गेला, तेथे रेंज मिळाली, तेव्हा कुठे १०८ ला फोन लागला. दाजी वाचले. पुढे बहीण मला म्हणाली, "दादा, आपला जुना फोन अंधारातही चालायचा. हाच का गप्प बसला?"

ह्याचे उत्तर शोधायला थोडे मागे जाऊ. बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ साली. १८८२ मध्ये मुंबईत एक्स्चेंज सुरू झाले. त्या काळी बोलणे तारेवर घालणारी बॅटरी फोनच्या पेटीतच, म्हणजे घरमालकाच्या भिंतीवर असे. ती उतरली की फोन मुका! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत युक्ती निघाली, की सर्वांसाठी एकच मोठी बॅटरी एक्स्चेंजमध्ये ठेवावी आणि बोलण्याच्या तारेतूनच घरोघर वीज द्यावी. ही वीज साधारण ४८ व्होल्टची. हळूहळू हीच पद्धत रूढ झाली.

आपल्याकडे १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली. सॅम पित्रोदा हे तिच्या उभारणीतले प्रमुख नाव. तिने खेड्यांसाठी १२८ लाइनींचे, वातानुकूलनावाचून चालणारे एक्स्चेंज तयार केले. बारामतीचा ०२११२ आणि इंदापूरचा ०२१११ हे आकडे त्यानंतरच्या वर्षांत घरोघरी पाठ झाले. गावात दिवे गेले, तरी एक्स्चेंजच्या बॅटरीची वीज तांब्याच्या तारेतून फोनपर्यंत पोचत असे.

आता फायबर म्हणजे काय? केसासारखा बारीक काचेचा धागा. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही! आपला आवाज आकड्यांत बदलून, त्याचे लहान लहान तुकडे करून ह्या प्रकाशावर धाडायचा, तर ते काम घरातल्या यंत्राने करायचे, आणि त्याला वीजही घरचीच. म्हणजे बॅटरी फिरून घरी आली, बरं का. आपल्याला मात्र ते कोणी सांगितले नाही.

कॉर्डलेस तर आणखी फसवतो. हँडसेटमध्ये बॅटरी असते, म्हणून तो जिवंत दिसतो; पण तो बोलतो आपल्या बैठकीशी, आणि बैठक चालते भिंतीतल्या विजेवर. तेव्हा फायबरचे यंत्र आणि कॉर्डलेसची बैठक, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकच घेऊन भागत नाही. बैठक घराच्या मध्यावर ठेवा. लोखंडी कपाटामागे नको. व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून १०८ लागत नाही, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवा. आणि एखाद्या संध्याकाळी मेन स्विच बंद करून शेजाऱ्याला फोन लावून पाहा.

गुरुजनांना एक विनंती. वर्गात विजेचा धडा आला, की मुलांना विचारा : तुमच्या घरच्या फोनला वीज कोठून येते? उत्तर पुस्तकात शोधू देऊ नका. घरी जाऊन वायर कोठून कोठे जाते, हे त्यांना स्वतः पाहू द्या. बहिणीच्या वस्तीवर आता हे काम नातीकडे आहे. दर महिन्याला ती मेन स्विच पाडते आणि मला फोन करते.