पाव की पूर्णविराम : मोडी हिशेबाची संगणकीय संहिता

देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबातली एका पैची चूक एकनाथांना रात्रभर जागून सापडली, ही आख्यायिका सर्वपरिचित आहे. तिचे पारमार्थिक विवरण पुष्कळ झाले. त्या वहीतील चिन्हांविषयी मात्र सहसा विचारले जात नाही. मोडीची उत्पत्तीही परंपरा याच देवगिरीच्या हेमाद्रीशी जोडते. ते इतिहास म्हणून स्वीकारणे कठीण असले, तरी मोडी आणि जमाखर्च यांचे नाते विसाव्या शतकापर्यंत टिकून होते.

या कागदांत रुपयांच्या अंकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आण्यांच्या रेघा आडव्या-तिरप्या. '७॥' म्हणजे साडेसात. पण पोथीत '॥७॥' म्हणजे सातवी ओवी संपली. (येथे छापलेला '७॥' हाही वस्तुतः दंडच आहे, ही कबुली द्यावी लागते.) चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील स्थानावरून ठरते, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपण वर्गात शिकवतो, कारकुनाला ते सरावाने ठाऊक होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि पावकी-निमकी पाठ असणाऱ्या पिढीबरोबर तो सरावही ओसरला.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने २०१४ साली मोडीला स्वतंत्र स्थान दिले, त्यात शून्य ते नऊ हे अंकही आले. नेपाळमधील नेवा लिपीलाही २०१६ साली तिचे स्वतःचे दहा अंक मिळाले. दोन्हींतले बरेच अंक देवनागरीच्या जवळचे असूनही अंक हा लिपीचा अवयव मानला गेला. अपूर्णांकांना न्याय वेगळा: पाव, अर्धा, पाऊण आणि आण्यांची चिन्हे २००९ सालीच उत्तर भारतीय लिपींसाठी सामाईक म्हणून दाखल झाली होती. पूर्णांक लिपीचा, अपूर्णांक व्यवहाराचा! यामागे लेखनाविषयीची एक निश्चित भूमिका आहे आणि आपल्या संहिताचिकित्सेने तिची दखल घ्यायला हवी.

प्रस्तुत लेखकाला अपूर्णांकांविषयीचा निर्णय अधिक मोलाचा वाटतो. मोडी सातऐवजी देवनागरी सात लिहिला तर वळण हरपते, रक्कम नव्हे. परंतु लिप्यंतरकार पावाच्या रेघेऐवजी कळफलकावरचा दंड उमटवतो, तेव्हा डोळ्याला फरक जाणवत नाही; यंत्राला मात्र तेथे संख्या न दिसता विराम दिसतो. सव्वासातांचे सात होतात, बेरजेतून चार आणे गळतात आणि छापील पान निर्दोषच भासते. देवनागरी अंकांनी शोध घेणाऱ्याला मोडी अंक सापडतीलच असे नाही, हा आक्षेप खरा आहे. पण प्रत्येक मोडी अंकाला त्याचे संख्यामूल्य जोडलेले असल्याने त्यावर उपाय करता येतो. दंडाला असे मूल्यच नाही. पाव कोठे होता, हे मूळ कागद पुन्हा उघडल्यावाचून खात्रीने सांगता येत नाही.